मूस एकटी ठेवायची नाही

शनिवारी सकाळी लॉरेन उठला आणि त्याने वडिलांची मूस पुन्हा पेटवली. वडील, आर्विड टोलेफ्सन, जाऊन दोन वर्षं झाली होती, आणि कारखाना त्याच्याही आधीपासून बंद होता. कारखाना म्हणायचं आपलं. घराच्या मागे अंगण ओलांडलं की पत्र्याची एक लांबट शेड, तिच्यात गॅसची भट्टी, भट्टीवर शिसं वितळवायची लोखंडी मूस, भिंतीला टांगलेले साचे आणि एकुलती एक खिडकी. एवढ्या भांडवलावर टोलेफ्सनांच्या दोन पिढ्यांनी शिशाच्या गोळ्या ओतून देशभर पाठवल्या. नुसत्या गोळ्या. दारू ठासून काडतूस भरायचं काम ज्याचं त्याने घरी करायचं. जुन्या बंदुका जिवापाड जपणारी माणसं असतात, त्यांना टोलेफ्सनचीच गोळी लागायची, आणि ती संपली की आर्विडला फोन करून पोटचं पोर हरवल्यासारखी रडायची.

आजोबा नील्स यांनी दोन नियम घालून दिले होते. पहिला, मूस कधी रिकामी करायची नाही. तळाला चार बोटं शिसं राखायचं आणि पुढच्या वेळी त्यातच नवं घालायचं, दह्याचं विरजण राखावं तसं. त्यामुळे नील्स यांनी ओतलेल्या पहिल्या शिशाचा अंश आजही मुशीत होता, असं घरात सगळे मानायचे. दुसरा नियम, पेटलेली मूस एकटी ठेवायची नाही. वितळलेल्या शिशात छपरातून पाण्याचा एक थेंब पडला तरी सगळं उसळून तोंडावर येतं, म्हणून कोणीतरी शेजारी बसायचंच, अगदी जेवणाच्या वेळीसुद्धा.

बसायचा तो डेल. लॉरेनचा मोठा भाऊ. भोळा होता, शाळेत त्याचं डोकं चालत नसे, पण मुशीपाशी स्टुलावर तासन् तास बसायला कंटाळायचा नाही. त्याचं ताट तिथेच जायचं. साचा थंड असताना पहिल्या पाच गोळ्या नेहमी सुरकुतलेल्या निघतात. त्या परत मुशीत टाकायच्या असतात. डेल टाकायचा नाही. खिडकीच्या फळीवर ओळीने मांडून ठेवायचा. त्यांना परत आत कशाला ढकलायचं, म्हणायचा, आत्ताच तर बाहेर आल्यात. आर्विड चिडायचा आणि डेल हसायचा. मग त्याला झटके येऊ लागले, पोटात कळा येऊ लागल्या, आणि एकोणिसाव्या वर्षी तो गेला. जन्मतःच तो तसा होता असं आर्विड मरेपर्यंत सांगत राहिला.

लॉरेनने बादलीतली वजनं मुशीत सोडली. गाडीच्या चाकाचा तोल साधायला रिमला चिकटवतात ती ही वजनं. पूर्वी टायरवाले ती फुकट देऊन टाकायचे, वर आभारही मानायचे. आता ती पोलादाची असतात, नाहीतर जस्ताची. कित्येक महिने खोऱ्यातल्या सगळ्या टायरवाल्यांच्या पायऱ्या झिजवल्यावर एक बादली जमली होती. त्याने एकेक वजन कातरपक्कडीत दाबून पाहिलं. शिशावर खूण उमटते, जस्तावर उमटत नाही. निघालेलं जस्त त्याने मुशीपासून लांब, खिडकीच्या फळीवर ठेवून दिलं. मूठभर जस्त वितळून आत गेलं की अख्ख्या मुशीची लापशी होते, गुठळ्यागुठळ्यांची, आणि मग ते साच्यात उतरत नाही. तो धातू पुन्हा कधीच सुधारत नाही.

डोंगरात बारांचे आवाज येत होते. हरणांच्या शिकारीचा मोसम उद्या संपणार होता. शिसं पातळ झालं तसं लॉरेनने मळ वर यावा म्हणून त्यात मेणाचा तुकडा टाकला, धूर झाला आणि तो जुना वास शेडभर पसरला. त्याला बरं वाटलं, आणि बरं वाटतंय हे लक्षात आल्यावर जरा भीतीही वाटली. कारण सकाळपासून तो दर वेळी मुशीपाशी जाताना स्टुलाला वळसा घालून जात होता. स्टूल रिकामं होतं. एका लाथेने बाजूला सरकलं असतं. पण ते हलवायचं त्याच्या मनातच आलं नव्हतं.

“बाबा, जेवायला चल. आत्या आली,” दारातून टेस म्हणाली.

टेस त्याची मुलगी. सातवा महिना लागला होता. नवरा कोडी दूर विलिस्टनला तेलविहिरींवर, कामगारांच्या डब्यासारख्या खोलीत राहायचा, आणि बाळ झाल्यावर तिलाही तिकडेच जावं लागणार होतं. खोऱ्यातली लाकडाची गिरणी बंद पडल्यापासून इथे तरुण माणसाला काम उरलंच नव्हतं. कारखाना सुरू झाला तर टेस आणि कोडी इथे राहणार होते. लॉरेनने बाकीची शंभर कारणं सांगितली असती, पण खरं कारण एवढंच होतं. बायको सोडून गेल्यापासून त्याला या मुलीशिवाय कोणी नव्हतं.

त्याने ज्योत अगदी मंद केली. गॅसचा खटका गंजून इतका घट्ट झाला होता की तो पक्कडीनेच फिरवावा लागला.

“आत येऊ नकोस,” तो टेसला म्हणाला.

“मी उंबऱ्याबाहेरच आहे. कोणाशी बोलत होतास?”

“कोणाशी नाही.”

“मला वाटलं आत कोणीतरी आहे.”

लॉरेनने दार ओढून घेतलं.

*

थँक्सगिव्हिंगचा सण गुरुवारी झाला होता, पण टोलेफ्सनांचं जेवण शनिवारी, कारण लॉरेनची बहीण मॅरिट मिझूला शहरातल्या दवाखान्यात नर्स आणि गुरुवारी तिची पाळी. तिला आणि लॉरेनला एका टेबलावर बसवायचं म्हणजे व्हर्नाची, त्यांच्या आईची, कसोटी. या वर्षी तर ठरवूनच ठेवलं होतं की जेवणानंतर कारखान्याबद्दल आई काय तो निकाल देईल. घर आणि शेड तिच्या नावावर होती.

मॅरिट स्वयंपाकघरात आली तेव्हा आई लोणच्याच्या बरणीशी झगडत होती. संधिवाताने बोटांच्या गाठी झाल्या होत्या नुसत्या. मॅरिटने बरणी घेऊन झाकण उघडून दिलं.

“कालपासून प्रयत्न चाललाय,” व्हर्ना म्हणाली. “तुझ्या बापाने एवढं घट्ट लावून ठेवलं असणार.”

“आई, बाबांना जाऊन दोन वर्षं झाली.”

“माहीत आहे मला. मी काय आज आले का या घरात?”

 मॅरिटने टर्की टेबलावर नेली, कुस्करलेले बटाटे नेले, लेफ्सेच्या, म्हणजे बटाट्याच्या पातळ पोळ्यांच्या, घड्या रुमालात गुंडाळून नेल्या. परत आली तर ओट्यावर एक ताट भरलेलं दिसलं. बटाटे, शिजवलेली गाजरं, टर्कीची तंगडी, वर दुसरं ताट पालथं झाकलेलं. जेवणारी माणसं चार होती आणि टेबलावर चार ताटं आधीच मांडलेली होती. ती आईला विचारणार होती. का कोण जाणे, विचारलं नाही.

जेवताना बोलणं व्हायचं तेच झालं. लॉरेनने गणित मांडलं. मध्यंतरी काडतुसांची टंचाई आली तेव्हा दुकानांच्या फळ्या ओस पडल्या होत्या, तेव्हापासून लोक घरी काडतुसं भरायला शिकले, त्यांना गोळ्या हव्या असतात. टेक्सासचा एक माणूस अजून महिन्याला फोन करून विचारतो. टेस इंटरनेटवर दुकान मांडून देणार होती, नावही तेच, टोलेफ्सन.

मॅरिटने ऐकून घेतलं आणि मग एकेक मुद्दा बोटावर मोजला. शिसं फुकट मिळायचे दिवस गेले, भंगारवाल्याकडून विकत घेऊन ओतलं तर हाती काय राहणार? सरकारी परवाना नव्याने काढावा लागणार. विमा कंपनीवाले शिसं हा शब्द ऐकूनच फोन ठेवतात. आणि आता मोठे कारखाने यंत्राने ओततात, वर लाल निळा रंग भाजून देतात.

“तुझ्या हातच्या गोळीला विचारतं कोण?” ती म्हणाली. “म्हातारी माणसं. आणि ती दर वर्षी कमी होतात.”

“म्हातारी माणसं दर वर्षी नवीन तयार होतात,” लॉरेन म्हणाला. “माझ्याकडे बघ.”

टेसला हसू आलं. मॅरिटलाही आलं असतं, पण तिने ते आवरलं. या भावाचं असंच होतं, तो हसवून हसवून खड्ड्यात नेऊन बसवायचा.

“धंदा चालेल की नाही हा माझा मुद्दाच नाही,” ती म्हणाली. “उद्या सोन्याच्या भावाने गोळ्या खपल्या तरी मी नाहीच म्हणणार. शिशाचं विष कपड्यांवरून घरात येतं, केसांतून येतं. बाळ रांगायला लागलं की पहिलं तोंडात काय घालतं ते मी रोज दवाखान्यात बघते.”

“मी मुशीजवळ जाणारच नाही, आत्या,” टेस म्हणाली. “मी फक्त डबे भरणार. हातमोजे घालून.”

“डेलसुद्धा फक्त बसायचा.”

या घरात हे वाक्य एवढ्या वर्षांत कोणी टेबलावर बोललं नव्हतं. लॉरेनने काटा खाली ठेवला. तो म्हणाला, मेलेल्या माणसाला मध्ये आणू नकोस. मॅरिट म्हणाली, त्याला मी आणलेलं नाही, तो इथून गेलाच कुठे? आणि मग ती स्वतःच्याच बोलण्याने दचकली.

व्हर्नाने कोणाकडे पाहिलं नाही. तिने फक्त विचारलं, “मुशीपाशी कोण आहे?”

“कोणी नाही, आई. ज्योत अगदी मंद ठेवलीय. शिसं नुसतं पातळ राहील एवढीच. साच्याला मी हातही लावलेला नाही, पहिली गोळी तूच ओतायची म्हणून.”

“पेटलेली मूस एकटी ठेवत नाहीत.”

“माहीत आहे. पाच मिनिटांत जातो.”

“तू जेव,” व्हर्ना म्हणाली. ती उठली, दारामागचा आर्विडचा जाडजूड कोट तिने अंगावर चढवला, ओट्यावरचं झाकलेलं ताट उचललं आणि मागच्या दाराने बाहेर पडली.

तिघेही खिडकीतून बघत राहिले. एवढीशी म्हातारी, नवऱ्याच्या कोटात बुडालेली, दोन्ही हातांत ताट सांभाळत अंगण ओलांडत होती. शेडच्या दाराशी ती थांबली. कोपराने दारावर दोनदा ठोकलं आणि मग आत गेली.

“ठोकलं कशाला?” टेसने विचारलं.

 थोड्याच वेळात व्हर्ना रिकाम्या हातांनी परत आली. कोट न काढताच खुर्चीवर बसली आणि म्हणाली, भोपळ्याची गोड पाई कापा आता, गार होतेय.

*

पाई खाऊन झाल्यावर लॉरेन उठला. चला, म्हणाला, सगळ्यांसमोर पहिली गोळी होऊ दे, मग आई काय बोलायचं ते बोलेल. टेसने आजीचा हात धरला. आजीचा हात थंडगार होता आणि तो तिने लगेच सोडवून घेऊन खिशात घातला.

शेडचं दार उघडताच उष्णतेचा लोट अंगावर आला. भट्टी घुमत होती. टेस उंबऱ्याशीच थांबली, पण तिथूनही तिला दिसलं की ज्योत मंद नव्हती. निळ्या जिभा मुशीच्या काठापर्यंत चढल्या होत्या. लॉरेन धावला. त्याने पक्कड घेतली, दोन्ही हातांनी जोर लावून खटका फिरवला आणि गॅस बंद केला. मग झारा मुशीत घालून ढवळलं. पातळ शिसं आरशासारखं असतं. हे राखाडी होतं, घट्ट होतं, झाऱ्यावरून गुठळी गुठळी होऊन पडत होतं.

त्याने खिडकीकडे पाहिलं. जस्ताची वजनं फळीवर नव्हती. एकही नव्हतं.

त्याने पुन्हा पुन्हा ढवळून पाहिलं, वरचा थर काढून जमिनीवर फेकला, मेण टाकलं, लाकडाचा भुसा टाकला. उपयोग नव्हता हे त्याला सगळ्यांपेक्षा जास्त ठाऊक होतं. खोऱ्यात टोलेफ्सनांचं विरजण म्हणून जे प्रसिद्ध होतं ते संपलं होतं. नील्स यांचं शिसं, आर्विडचं शिसं, सगळं त्या लापशीत गेलं. विकत घेऊन नवीन भरायचं तर तेवढा पैसा कोणाकडे नव्हता, आणि पैसा असता तरी ते टोलेफ्सनचं झालं नसतं. त्याच्या गिऱ्हाइकांना तेच तर हवं होतं.

“मंद आचेवर जस्त वितळत नाही,” तो आईकडे न बघता म्हणाला. “वर तरंगतं. उचलून टाकता येतं. हे ज्याने केलं त्याला हे माहीत होतं. आधी आच वाढवली, मग टाकलं.”

स्टुलावर झाकलेलं ताट ठेवलेलं होतं. तेवढ्या वेळात या शेडमध्ये एकच माणूस येऊन गेलं होतं.

“मीच टाकलं,” व्हर्ना म्हणाली.

लॉरेन ओरडला नाही. ओरडला असता तर टेसला बरं वाटलं असतं. तो झारा हातात घेऊन तसाच उभा राहिला. म्हणाला, नाही म्हणायचं होतं तर नाही म्हणायचंस. मी ऐकलं असतं.

“नसतं ऐकलंस.”

“मग टेस जाईल. विलिस्टनला. तिच्याबरोबर मीही जाईन, मला इथे काय आहे आता? तू एकटी राहशील, एवढं कळतंय ना तुला?”

“कळतंय.”

टेसला रडू आवरेना. आजीच्या घरामागे, त्या सफरचंदाच्या झाडाखाली पाळणा बांधायचा असं तिने आणि कोडीने फोनवर ठरवून टाकलं होतं. “आजी,” ती म्हणाली, “आम्ही तुला इथे नको होतो का?”

व्हर्ना तिच्याजवळ आली. तिने नातीच्या पोटावर हात ठेवला नाही, आधी कोटाला पुसला, पाहिला आणि मग मागे घेतला. “हवी होतीस गं. फार हवी होतीस. पण या शेडच्या वाऱ्यालाही नकोस.”

मॅरिट दाराशी उभी होती. ती जिंकली होती. लहानपणापासून हे भांडण ती एकटीच भांडत आली होती आणि आज ते तिच्या बाजूने लागलं होतं. पण तिचं लक्ष पक्कडीकडे होतं. लॉरेनसारख्या धडधाकट माणसाला खटका फिरवायला दोन्ही हात लागले होते. आईला सकाळी लोणच्याची बरणी उघडता आली नव्हती. आणि जस्त एवढं पूर्ण विरघळायला किती वेळ लागतो हे या घरात वाढलेल्या मॅरिटला कोणी सांगायला नको होतं. आई तर आत जाऊन उभ्या उभ्याच परत आली होती.

तिने तोंड उघडलं. व्हर्नाने तिच्याकडे पाहिलं, नुसतं पाहिलं. मॅरिटने तोंड मिटलं आणि लॉरेनला म्हणाली, “जाऊ दे. आईवर चिडू नकोस. चिडायचं तर माझ्यावर चीड.”

एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच त्या दोघी एका बाजूला होत्या. कोणत्या बाजूला, ते मॅरिटला मात्र सांगता आलं नसतं.

*

लॉरेन आणि टेस न सांगता निघून गेले. गाडी वळणावर दिसेनाशी होईपर्यंत व्हर्ना दारात उभी राहिली. टेस एकदा तरी मागे वळून बघेल असं तिला वाटलं होतं.

मॅरिट शेवटी निघाली. गाडीत बसून काच खाली करून म्हणाली, “आई, तो खटका तू फिरवलास कसा?”

“फिरला.”

“माझ्याबरोबर मिझूलाला चल. चार दिवस तरी.”

“मूस अजून गरम आहे,” व्हर्ना म्हणाली. “एकटी ठेवता येत नाही.”

मॅरिटने काच वर केली आणि गाडी सुरू केली.

दिवस मावळायला आला होता आणि बर्फ भुरभुरायला लागलं होतं. व्हर्ना अंगण ओलांडून शेडकडे निघाली. ‘मीच टाकलं’ हे ती खोटं बोलली होती, पण अगदीच खोटं नव्हतं. सकाळी शेडच्या खिडकीतून डोकावली तेव्हा फळीवर मांडलेलं जस्त तिने पाहिलं होतं, उंबऱ्याशी पोटावर हात ठेवून उभी असलेली टेस पाहिली होती, आणि तेव्हाच ठरवलं होतं. टेबलावर मॅरिट भांडत होती तेव्हा ती मनात फक्त एवढाच विचार करत होती की तो खटका आपल्या हातांनी फिरेल का. ताट मात्र तिने मुद्दाम भरलं नव्हतं. मूस पेटली की हातांनीच ते भरलं. किती वर्षं तिने रोज ते ताट इथे आणून दिलं होतं. आर्विडने कधी आणलं नाही, लॉरेनने नाही, मॅरिटने नाही. धुराने काळ्या झालेल्या बोटांनी डेल जेवायचा आणि ती समोर उभी राहून म्हणायची, संपव सगळं. त्याला शिसं खाऊ घातलं ते तिनेच. मॅरिटने हे कधी म्हटलं नाही, पण व्हर्नाने ते रोज स्वतःला म्हटलं होतं.

आणि आज दुपारी ताट घेऊन, दार ठोकून ती आत आली, तेव्हा भट्टी घुमत होती. फळीवर जस्त नव्हतं. मुशीत गुठळ्या धरल्या होत्या. तिने जे करायचं ठरवलं होतं ते करून झालेलं होतं. आणि जस्ताच्या जागी, खिडकीत, पाच सुरकुतलेल्या गोळ्या ओळीने मांडलेल्या होत्या.

लॉरेनला दिसायला नकोत म्हणून तिने त्या उचलून खिशात टाकल्या. तो बिचारा या घराचा पोरगा, त्याने त्या लगेच ओळखल्या असत्या. त्याने आईवर राग धरला तर तो राग घेऊन कुठेही राहू शकेल, विलिस्टनलासुद्धा. पण हे कळलं असतं तर तो या शेडमधून कधीच बाहेर पडला नसता.

तिने दार लावून घेतलं. स्टुलावरचं ताट उचलून मांडीवर घेतलं आणि समोरच्या उलट्या बादलीवर बसली. स्टूल तिने रिकामंच ठेवलं. मूस काळी पडली होती. भट्टी केव्हाच विझली होती आणि तिला आपला श्वास दिसत होता, एवढी थंडी होती. तिने कोटाच्या खिशात हात घातला. पाचही गोळ्या तिथेच होत्या, आणि त्या अजून गरम होत्या.

व्हर्नाने त्यांच्यावर मूठ मिटली.

“जेवलास का रे?” तिने विचारलं.